घरचं सूत

हे मी आजवर घरीही बोललो नाही. सोलापुरात गिरणीच्या रिळखात्यात मी हजेरी मांडायचो, तेव्हा तिथे एक बाई होती. बोलताना ती पदराचं टोक दातांत धरी, त्यामुळे तिचे शब्द अर्धेच ऐकू येत. दुपारी बाकीच्या बायका घोळक्याने भाकरी खात. ही भिंतीकडे तोंड करून एकटी. "मिशीवाले मामा, चटणी घ्या की," असं कुणी तिला चिडवलं, तर हीच आधी हसायची.

एकदा गोदामामागे मी तिला पाहिलं. सुताचं एक टोक दातांत धरून, पीळ फिरवत ती हनुवटीवरचे केस उपटत होती. डोळ्यांत पाणी होतं. मला बघून म्हणाली, "दादा, घरच्या मागावरचं सूत हाय. कशाला आनते, कुनाला सांगू नगा." मी मान डोलावली.

पुढे एकदा गिरणी सुटताना दारावर झडती झाली आणि तिच्या कनवटीला ते सूत सापडलं.

"घरचं हाय," ती म्हणाली.

"मग हितं कशाला आणलंस?" पहारेकऱ्याने विचारलं.

मागे बायकांची रांग उभी होती. तिने एकवार वळून पाहिलं आणि सावकाश म्हणाली, "चोरलं. गिरनीतलंच हाय."

तिला कामावरून काढलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. शब्द दिलाय, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर, तू तिला तसं कुठे पाहिलंस, हा प्रश्न मला नको होता.

ती चोर नव्हती, हे त्या दारात चारचौघींसमोर सांगायला हवं होतं. तेवढं मी तिचं अजून देणं लागतो.