लॅपटॉपला ग्रीस

ऑनलाइन मुलाखत चार वाजता, आणि अडीच वाजले तरी माझ्या लॅपटॉपला इंटरनेटचा पत्ता नाही! बोईसरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी होती. मोबाइलवर चालणार नाही, लॅपटॉपवर स्क्रीन दाखवत काम करून दाखवा, असं त्यांनी बजावलं होतं. दोन वर्षं अर्ज करकरून पहिल्यांदा कुणीतरी मला बोलावलं होतं.

लॅपटॉप सेकंडहँड, आदल्या दिवशीच आणलेला. विंडोज त्यावर रखडत होतं, म्हणून सकाळी मी हौसेनं लिनक्स टाकलं. काय पळायला लागला म्हणून सांगू! मी खुर्चीतच नाचले. मग कोपऱ्यात पाहिलं, तर वाय-फायचं चिन्हच गायब. ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरशिवाय वाय-फाय चालणार नाही, आणि ड्रायव्हर मिळणार इंटरनेटवर. घ्या!

पण यावरचा उपाय मला पाठ होता. मोबाइल केबलनं जोडायचा आणि त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं. जेवून आले आणि जोडला. काही नाही. दुसऱ्या पोर्टात घातला, केबल बदलली, शेजारच्या काकूंची केबल आणली. लॅपटॉपला काय काय जोडलंय त्याची यादी स्क्रीनवर मागवली, तर त्यात मोबाइलचं नाव नाही. अरे, सकाळी याच पोर्टात पेनड्राइव्ह लावून मी अख्खं लिनक्स चढवलं होतं! वैतागून केबल उपटली, तर बोटाला काहीतरी चिकट लागलं. वास घेतला. ग्रीस!

माझे बाबा बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. आमच्या मुरबे गावात समुद्राचा खारा वारा लोखंड खाऊन टाकतो, म्हणून कुलपापासून शिलाई मशीनपर्यंत घरातल्या सगळ्याला ते ग्रीस लावतात. पण लॅपटॉपला?

"बाबा, तुमी याला काय केलंत?"

"तू जेवत व्हतीस तवा लावला, बाय. गंज नको चढाया. काडीनं सगल्या भोकांत घातला," बाबा खुशीत म्हणाले. "इंजिनाचा हाय, एकदम चांगला."

मग मी जे तोंड सोडलं! कुणी सांगितलं होतं, कळत नाही तिथं हात कशाला लावता, माझी नोकरी घालवलीत तुमी.  बाबांनी चपला घातल्या आणि ते बाहेर निघून गेले.

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. लॅपटॉप बंद केला, बॅटरी काढली. काडीला कापूस गुंडाळला, सॅनिटायझरमध्ये बुडवला आणि एकेक पोर्ट पुसत बसले. मग पंख्याखाली वाळवलं. साडेतीनला केबल लावून यादी मागवली. मोबाइल आला! आईशप्पथ, आला! पण केबलला जरा धक्का लागला की इंटरनेट तुटायचं, म्हणून श्वास रोखून ड्रायव्हर उतरवला आणि रीस्टार्ट केलं. कोपऱ्यात वाय-फाय! गल्लीतल्या सगळ्या घरांची नावं एकाखाली एक हजर. मी एवढ्यानं किंचाळले की काकू धावत आल्या.

चारला मुलाखत सुरू झाली. ते विचारत गेले, मी करून दाखवत गेले. कुठंच अडले नाही. शेवटी मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "सोमवारपासून याल का?" मी दोनदा हो म्हणाले.

बाबांना सांगायला तशीच अनवाणी पळाले. ते बंदराच्या धक्क्यावर कुणाच्या तरी बोटीचं इंजिन उघडून बसले होते. मला बघून उठून उभे राहिले.

"माज्यामुलं गेली ना, बाय?"

"नाय गेली, बाबा. लागली!" मी म्हणाले आणि रडायलाच लागले. माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

बाबांनी हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. "ग्रीस हाय हाताला," म्हणाले.

मी तो हात ओढला आणि माझ्या डोक्यावर ठेवून घेतला.