टोकियो, सिंगापूर आणि सोनाळा

मागच्या महिन्यात एका रविवारी जळगाव जामोदच्या माझ्या वर्कशॉपात बसून आमची मृणाल जगातल्या शहरांना मार्क देत होती... खरंच. पुण्यात ती ज्या कंपनीत आहे, तिथे कोणतं शहर नवं काही शोधण्यात किती पुढे आहे, हे मोजतात. पेटंट किती, विद्यापीठं कशी, नव्या कंपन्यांत पैसा किती...

मी वेल्डिंगचा चष्मा वर केला. "आपल्या जळगावले किती मार्क देतं व?"

"बाबा, तुम्ही एक तरी पेटंट घेतलंय का?"

मी चष्मा परत डोळ्यांवर ओढला...

तेवढ्यात जवळच्या सोनाळा गावाहून मित्राचा फोन. "भाऊ, तुमचा सायकल-डवरा इठ्ठल वेल्डर विकून राह्यला. हुबेहूब!"

सायकल-डवरा म्हणजे एका चाकावर ढकलत तण काढायचं अवजार. पेरण्या उरकल्या होत्या, शेडमध्ये माल भरला होता. या दिवसांत गेला तर गेला, नाहीतर वर्षभर गंज खात पडणार.

आता नक्कल आमच्याकडे सगळेच करतात. मीही तसाच शिकलो. पण रीत अशी की पहिला नग मूळ कारागिराच्या दारात नेऊन दाखवायचा. विठ्ठलनं तेवढंही केलं नव्हतं... मृणालला गाडीत बसवलं आणि तडक सोनाळा गाठलं.

विठ्ठल उठून उभा राहिला. "येनारच होतो भाऊ. गिऱ्हाईकं उठूच देईनात!"

"काऊन बे, रीत विसरला काय?" माझा आवाज चांगलाच चढला. तशी त्याची बायको, कुसुमवहिनी, दारात आली.

"भाऊ, आधी हे सांगा. तुमचा डवरा बनवल्यावर चालवून कोन पाह्यते?"

"मीच."

"मंग बरोबर! वावरात चालवतो आमी बाया. तुमचा दांडा माह्या छातीले ढुसन्या देते. म्हनून मीच आमच्या ह्यायले म्हटलं, दांड्याले बोल्ट लावा, खालीवर होऊ द्या."

मृणालनं अंगणात आधी विठ्ठलनं नमुन्याला आणलेला माझा डवरा ढकलून पाहिला, मग विठ्ठलचा. माझा तिच्याही छातीला लागला, विठ्ठलचा सरळ चालला. घरात बायको आणि लेक असून मी दांडा माझ्याच उंचीचा लावत आलो होतो.

चहा झाला. राग कुठे गेला, कळलं नाही.

"इठ्ठल, माह्या शेडातल्या सगळ्यायले असा दांडा बसवून देशील?"

"हाव! पन मजुरी घेईन."

"घे न बे. कोन नाही म्हनते?"

परतताना मृणाल म्हणाली, "बाबा, आमच्या हिशोबात ही नुसती नक्कल. एकाची कल्पना दुसऱ्याच्या हातात जाऊन सुधारते, ते आम्ही धरतच नाही." दुसऱ्या दिवशी तिनं मीटिंगमध्ये हे मांडलं. साहेब म्हणाले, मुद्दा खरा, पण मोजायचं कसं? आता पोरगी त्याच्याच मागे लागली आहे. काढेल काहीतरी... माझी खात्री आहे.

इकडे शेड बरीच रिकामी झाली आहे. परवा एक बाई आली, बोल्ट सैल करून दांडा आपल्या मापाला लावला, चार पावलं ढकलून पाहिलं आणि घासाघीस न करता घेऊन गेली. इतक्या वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

कुसुमवहिनी, त्या दिवशी तुम्ही दारात आलात, बरं झालं...