मी दार उघडलं नव्हतं

मंडळी, दुपारी गावच्या शाळेतून आले आणि लगेच लिहायला बसले.

आमचं गाव मेहकरजवळ. मागच्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावरून गावातल्या दोन आळ्या एकमेकींवर तुटून पडल्या. आमचे हे सोडवायला गेले, तर त्यांना काठ्यांनी झोडपत आमच्याच दारापर्यंत आणून मारून टाकलं.

त्यानंतर विद्यापीठाच्या इतिहास विभागाची माणसं येत राहिली. आधी त्यांनी टँकर आणवले, जखमींना खामगावच्या दवाखान्यात नेलं आणि मग वही उघडली. दोन्ही आळ्यांत प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेतलं. त्यांची पद्धत अशी, की लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचायचं. ज्याला त्याला आपलं नको असलेलं वाक्य खोडता येतं.

आज शाळेत, यांच्या खुनाच्या खटल्यात जामिनावर सुटलेल्या गजाननचं आधी वाचलं. "पहिली काठी मी मारली" हे त्यानं खोडायला लावलं.

मग माझं आलं. "त्यांच्या डोक्यातून रक्त वाहत होतं. ते दारावर हात आपटत होते. मी आतून कडी लावली होती. ती काढली नाही."

शेजारची शांताबाई कानात म्हणाली, "खोडाले सांग ना बाई! लोक थुंकतीन तुयावर."

वाचणाऱ्या विद्यापीठाच्या मॅडमनी विचारलं, "काकू, खोडू का?"

मी गजाननकडे पाहत म्हटलं, "राहू द्या. जे झालं तेच लिहिलंय."

तो उठून बाहेर गेला आणि परत आला नाही.

तुमच्या गावाचं असं सगळं लिहिलं गेलं, तर तुम्ही आपलं कोणतं वाक्य खोडायला सांगाल?