उंबऱ्यावरचा तांब्या

व्यंकोबाराव हे भूगोलाचे मास्तर. शाळा सुटून सात वर्षं झाली, पण शिकवायची खोड काही सुटली नाही. वर्ग तेवढा नदीकाठी हलला. दर रविवारी सकाळी सहाला कुंभकोणमची पंधरा-वीस माणसं त्यांच्यामागे अरसलार नदीच्या बांधावरून फिरायला निघत, आणि मास्तरांच्या सूचना वाटेपेक्षा लांब असत. साध्या चपला नकोत, टाचेला पट्टा असलेलं काहीतरी घाला. गवतात आधी काठी जाईल, मग पाय. तळ्याची पायरी हिरवी दिसली तर फोटोचा मोह सोडा आणि बसून उतरा. बांधाच्या मधोमध चाला, कडेची माती उंदरांनी पोखरलेली असते. आणि जूनमध्ये, धरणाचं पाणी सुटायच्या दिवसांत, कोरड्या पात्रातून आडवं जायचं नाही म्हणजे नाही. वाळू उपसून झालेले पुरुषभर खड्डे पहिल्या पाण्याखाली झाकले जातात आणि वरून सगळं गुडघाभरच वाटतं.

सगळ्यांत पहिली सूचना मात्र बोट वर करून, खणखणीत तमिळमध्ये: "कुठल्या वाटेनं जाणार ते घरी सांगून निघा!"

आता गंमत बघा. ही सूचना खुद्द मास्तरांच्या घरात चालत नव्हती. घरची बोली मराठी, तीनशे वर्षांपूर्वी तंजावराकडे आलेल्या पूर्वजांची. रीतही तितकीच जुनी. निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की काम फिसकटतं. निघणाऱ्यानं "येतों" म्हणावं, घरच्यांनी मान हलवावी, संपलं. अडतीस वर्षांच्या संसारात गोदाबाईंना मास्तरांनी उंबऱ्यावर कधी हटकलं नव्हतं, आणि गोदाबाईही आपण होऊन सांगत नव्हत्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेआठला गोदाबाई पिशवी घेऊन "येतें" म्हणाल्या. मास्तरांनी पेपरातून डोकं वर न काढता "हूं" केलं.

थोड्या वेळानं सुंदरेशचा फोन आला. हा रविवारच्या मंडळींतला, नदीच्या वरच्या अंगाला राहणारा. "सार, पाणी आलं! फेस, पाचोळा सगळं घेऊन आलंय. तुमच्याकडे पोचेलच आता."

मास्तर खूश झाले. या रविवारी मंडळींना नवं पाणी दाखवता येईल, असं मनात म्हणत ते उठले, तर गोदाबाईंचा फोन चार्जिंगला लावलेला दिसला. खुंटीवरच्या झांजा मात्र नव्हत्या. म्हणजे ही मरुदानल्लूरला गेली, भजनाच्या तालमीला. पुलावरून जायचं तर चांगला अर्ध्या तासाचा वळसा. पात्रातून उतरलं की दहा मिनिटांत पलीकडे. उन्हाळाभर सगळी गल्ली तशीच जात होती. मास्तरही गेले होते, दोनदा, कुणी बघत नाही असं बघून.

आणि आज तर पाणी आलं होतं. एवढं जग शहाणं करून सोडलं आणि बायकोला एक शब्द विचारला नाही!

मास्तर निघाले ते रबरी चपला घालून, बिनकाठीचे, बांधाच्या अगदी कडेकडेनं. स्वतःच्या सगळ्या सूचना त्यांनी पाव तासात मोडल्या. एका चपलेचा पट्टाही तुटला. ती त्यांनी हातात घेतली आणि तसेच लंगडत पुढे गेले. पायवाट पात्रात उतरते तिथे येऊन बघतात तो वाळूवर ताजी पावलं, लहान, बाईमाणसाची. सरळ मध्यापर्यंत गेलेली. त्यापुढे तांबूस पाणी पसरत होतं आणि पावलं एकेक करून पुसली जात होती.

"मज शोधतां काय?"

मास्तर गर्रकन वळले. बांधावरच्या करंजाखाली गोदाबाई पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर झांजांची पिशवी.

"अर्ध्यांत गेलें होतें. तर वरल्या अंगाचे अवघे बगळे एकदम उडाले. पायाखालची वाळूही ओली लागली. म्हटलें, पाणी आलें! फिरलें परत, तिरकी." त्यांनी बोट दाखवलं. परतीची पावलं खरंच होती. घाबरलेल्या मास्तरांनी तिकडे पाहिलंच नव्हतं.

"तुज कोणी सांगितलें हें?"

"दर शनिवारीं सांजचें फोनावर जगाला सांगतां. मी स्वैंपाकघरांत कान कोठें ठेवूं? येणाऱ्यास अडवायास कोणी पाहिजे म्हणून येथेंच बसलें. तिघांस परत धाडलें." मग त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमची काठी कोठें? आणि चप्पल हातांत कां?"

मास्तर धपकन शेजारी बसले. आधी हसू आलं, मग डोळे भरले, मग दोन्ही एकदमच. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि त्यांना कशाचीही लाज वाटत नव्हती. गोदाबाईंनी पदराच्या टोकानं त्यांच्या पायाची माती झटकली. दोघं बराच वेळ नवं पाणी बघत बसले. समोर पात्र भरत गेलं आणि खड्डे कुठे होते ते कळेनासं झालं.

शुक्रवारी गोदाबाई पुन्हा पिशवी घेऊन उंबऱ्यावर आल्या. "येतें."

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. "कोठें?"

अडतीस वर्षांत पहिल्यांदा तो शब्द त्या उंबऱ्यावर उमटला. गोदाबाई थबकल्या. 'कुठे' विचारलं गेलं तर परत आत येऊन बसावं, पाणी प्यावं आणि मगच निघावं, हीही रीतच. त्या मुकाट्यानं आत आल्या, बसल्या. मास्तरांनी स्वतः पाणी आणून दिलं. ते सावकाश पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मरुदानल्लूर. पुलावरून. बारास परत."

आता मास्तर रोज सकाळी उंबऱ्यापाशी तांब्या भरून ठेवतात.