धम्मदीपने जोडलेली माणसं

कॅनडातल्या ग्वेल्फचा धम्मदीप मूळचा नागपूरचा. नोकरी सॉफ्टवेअरची, नाद मात्र नेमबाजीचा. शनिवारी क्लबात निशाण साधलं की आठवड्याचा शीण उतरायचा. सरकार बंदुकांवर नवे निर्बंध आणणार अशी कुणकुण लागली आणि तो बंदूकधारकांच्या संघटनेत शिरला.

तिथे त्याची जीभ कामी आली. शेतकरी असो वा शिकारी, फोनवर तो कुणालाही आपलंसं करायचा. तिथे पक्षाचा उमेदवार स्थानिक सभासदच मतं देऊन ठरवतात आणि त्या सभेला फारसं कुणी फिरकत नाही, हे संघटनेने हेरलं होतं. धम्मदीपने आपल्या लोकांना पक्षाचं सभासद करून घेतलं आणि सभेच्या दिवशी भर बर्फात गाड्या करून हॉलवर आणलं. त्यांचा माणूस उमेदवार झाला, पुढे खासदार झाला. बंदुकांच्या प्रश्नावर तो जरा डळमळला की त्याच्या ऑफिसात सकाळपासून फोन खणखणायचे.

सरोजिनीताई आंबेडकर असोसिएशनमधल्या. कॅनडात नवा असताना धम्मदीप त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिला, त्यांच्या हातचं जेवला. त्यांची मुलगी कृतिका टोरोंटोतल्या एटोबिकोला असायची. नवऱ्याने तिला गोळी घालून मारलं. मारहाणीची तक्रार तिने पोलिसांत आधीच केली होती. तरीही त्याची लायसन्सची बंदूक घरातच राहिली होती.

पुढच्या हिवाळ्यात ताई त्याच्याकडे आल्या.

"नव्या विधेयकात एक कलम आहे. अशी तक्रार झाली की बंदूक लगेच काढून घ्यायची. ते तपासणाऱ्या संसदेच्या समितीत तुझा खासदार आहे. तू सांगितलंस तर ऐकेल."

धम्मदीपने तिथल्या तिथे फोन लावला. खासदार हळू आवाजात म्हणाला, "मला पटतंय रे. पण तुझ्याच लोकांनी बजावलंय, एका कलमाला हो म्हटलं तर पुढच्या वेळी तिकीट विसर."

मग त्याने आपल्या लोकांना एकेक करून फोन केले. सगळे आपुलकीने बोलले, पण कुणी बधलं नाही. "बोट दिलं की हात धरतात, हे तूच शिकवलंस ना?" एक म्हातारा शिकारी म्हणाला.

मतदानाच्या दिवशी दोघं राजधानीत, ओटावाला गेले, समितीच्या खोलीत मागे बसले. कलमाच्या बाजूने खासदाराने हात वर केला नाही. कलम पडलं.

परतताना गाडीत धम्मदीप म्हणाला, "ताई, ही माणसं मीच जमवली होती."

"ठाऊक होतं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुझ्याकडे आले."

त्याने संघटना सोडली. त्याच्या जागी दुसरा कुणी फोन करू लागला. सभासद वाढतच गेले. ताईंनी दोनदा जेवायला बोलावलं. त्यांच्या दाराशी जायला तो धजला नाही.