सेन्सेईंची पोर्ट आणि आईचे द्राक्षासव

पन्नाशीत, कसलाही अधिकार नसताना, लिहायला बसलो आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. मी रसायनशास्त्रातला डॉक्टर असून मला बाटली हाताळता येत नाही.

टोकियोतल्या आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सेन्सेई (जपानीत गुरुजी), एकदा डबा खाताना पोर्ट वाईनविषयी बोलले. मी लगेच वाचीव ज्ञान पाजळले : पोर्तुगालच्या या वाईनचे आंबणे अर्ध्यावर असतानाच तीत ब्रँडी ओततात, म्हणून ती गोड राहते आणि पूर्वी जहाजातून इंग्लंडपर्यंत टिकायची, मूल जन्मले की त्या सालची बाटली राखून ठेवतात, वगैरे. (एक थेंबही चाखलेला नव्हता!) सेन्सेई गहिवरले. मुलीच्या जन्मसालची बाटली त्यांनीही जपली होती. २०११च्या भूकंपात कपाटातले सारे फुटले. ही बाटली तेवढी वाचली. आता मुलीचे लग्न ठरले होते, पण मुलगी वाईनला शिवत नव्हती.

"जाणकाराच्या घरीच उघडू," सेन्सेई म्हणाले.

ते निशी-कसाईला आमच्या घरी आले, तेही बाटली दोन्ही हातांनी उभी धरून, जपून पावले टाकत. ती माझ्या स्वाधीन करून हात धुवायला गेले.

पुण्याहून आलेली आई डोकावली. "अरे, खाली केवढा गाळ बसलाय! द्राक्षांचंच ना हे?"

"हो गं, पण..."

"मग द्राक्षासवच की! हलव चांगलं. सगळा गुण तळाशी असतो."

"अहो, आधी त्यांना विचारा ना," बायको कुजबुजली.

जाणकाराने विचारायचे? मी बाटली ताकासारखी घुसळली!

सेन्सेई परतले, तेव्हा त्यांनी इतकी वर्षे तळाशी शांत बसू दिलेला गाळ आत चिखलासारखा गरगरत होता. भूकंपाला जे जमले नाही, ते मी मिनिटभरात केले होते!

"थांबा, गाळून देते," म्हणत आईने चहाची गाळणी आणली. पोर्टला आल्याचा वास लागला.

सेन्सेईंनी घोट घेतला. दातांवर काळे कण आले. त्यांनी हळूच विचारले, "भारतात... असं हलवतात का?"

मान खाली घालून मी म्हणालो, "हो. शुभ मानतात."

सेन्सेईंचा चेहरा उजळला. ते कमरेत वाकले. "मग लग्नातही तुम्हीच हलवा!"

लग्न येत्या रविवारी आहे. सगळ्या पाहुण्यांसमोर, नवरीच्या शेजारी उभे राहून, पहिली बाटली मी हलवायची आहे. शॅम्पेनची.

वाचकहो, त्यांना खरे रविवारच्या आधी सांगू, की नंतर?