चांदणीचा खुराक

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचत जातात. मी जनावरांचा डॉक्टर, म्हणून लोकांना वाटतं माझ्याकडे आजारांच्या गोष्टी असतील. पण कामठी रोडवरच्या वानखेडे काकांच्या तबेल्यातले माझे सगळे किस्से धडधाकट घोड्यांचे आहेत. त्यांना आजारी पाडायला माणसांची माया पुरेशी होती.

काका मुलांना घोडेस्वारी शिकवतात. त्यांच्या घोड्यांपैकी पांढरी चांदणी काकींची लाडकी. काकींची हाक ऐकली की ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून यायची, आणि काकींच्या हातात गूळ असायचाच.

*

पहिल्याच भेटीत मी समजावलं, की घोड्याचं खरं जेवण म्हणजे गवत. दाणा थोडा, कामापुरता. काकींनी सगळं शांतपणे ऐकलं, मला पोहे दिले, चहा दिला आणि मग विचारलं, "घरच्या पोरीले निरं गवत वाढाचं काय, डॉक्टर?"

*

पोळ्याला बैलांना पुरणपोळी मिळते. तबेल्यात बैल नाहीत, म्हणून काकींनी ती चांदणीला चारली, पोटभर! संध्याकाळी पोटात कळा येऊन ती पोटाकडे वळून वळून पाहायला लागली, मग लोळायला लागली. मी पोचलो तेव्हा काकी दारात उभ्या राहून रडत होत्या. घोडी वाचली. काका मला एवढंच म्हणाले, "सण बैलाचा, अन् भोगून राहिली घोडी."

*

एका मे महिन्यात घोड्यांनी गवत खाणं टाकलं. काकींनी चणे, गाजरं, गव्हाचा कोंडा, सगळं पुढे करून पाहिलं. मी आधी उन्हातल्या पाण्याच्या टाक्यात हात घातला, तर चटका बसला. असलं पाणी घोडे पिणार नाहीत, आणि पाणी पोटात नसेल तर कोरडं गवत खाणार कसे? टाकं कडुनिंबाखाली हलवलं आणि गवताचा फडशा सुरू झाला. काका खजील झाले. घरात आपण कूलरसमोर बसतो आणि बाहेर यांना उकळतं पाणी देतो, असं स्वतःशीच बोलत राहिले.

*

शेवटी मी वजनकाटाच आणून दिला. दाणा मोजून द्यायचा, असं सर्वांनी कबूल केलं. तरी चांदणीची मान चरबीनं जाड होत गेली आणि एका सकाळी तिनं पाऊल टाकायलाच नकार दिला. दाणा जास्त झाला की घोड्याच्या खुरांच्या आत सूज येते, तीच आली होती.

मी माझ्यासमोर खुराक द्यायला लावला. काकांनी नेमकं वजन केलं आणि वर एक मूठ घातली. कुणाला धान्य काटेकोर मोजून द्यायचं नाही, ही आपली रीत. मग घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार शंकरनं बादली घेतली आणि आपली मूठ घातली. पुढे काकींनी त्यांची. रोज, दोन्ही वेळा! प्रत्येकाला वाटत होतं, जादा मूठ आपल्या एकट्याचीच.

मी चिडलो, तेव्हा काका म्हणाले, "मूठ मापात नाही येत, डॉक्टर."

मग मी स्पष्ट सांगितलं. दाणा बंद, गूळ बंद, फक्त साखर उतरावी म्हणून भिजवून निथळलेलं गवत. सूज उतरली नाही तर तिला उभंही राहता येणार नाही, मग इंजेक्शन देऊन संपवावं लागेल.

काकांनी आणि शंकरनं शब्द पाळला. काकींनी तबेल्यात येणंच सोडलं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "रिकाम्या हातानं कोन्या तोंडानं जाऊ? ते गुळासाठी येत होती. मले थोडीच ओळखते."

*

काही आठवड्यांनी सूज उतरली. आता चांदणी दोर न लावता, आपल्या मनानं कशी चालते ते मला पाहायचं होतं. तिला मऊ मातीत सोडलं. काका हाका मारून थकले, तिनं मान वर केली नाही. मी काकींना बोलावणं पाठवलं.

काकी कुंपणाशी आल्या. "चांदणी, ये वं माय."

ती आली. हळूहळू, एकेक पाऊल जपून टाकत. तिनं काकींचा एक हात हुंगला, मग दुसरा.

"काहीच नाही आनलं वं," काकी म्हणाल्या.

मला पाहायचं ते पाहून झालं होतं, चाल बरी होती. तिला आत घ्या, असं मी काकांना सांगितलं. काकांनी दोर लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढला. चांदणी काकींजवळून हलेना. मग दोर खाली टाकला आणि तेही तिथेच उभे राहिले.